बाई, गोळी बंद होती

बाई, सांगितलं एकदाचं. सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, सगळ्या वाडीसमोर, उभं राहून. पाय लटपटत होता, पण तो डावा पाय एरवीही लटपटतोच, त्यामुळे या वेळी तो भीतीने लटपटतोय हे कुणाला कळलं नाही. घरी आलो आणि गाढ झोपलो. सकाळी हिने हलवून उठवलं तेव्हा ऊन ओटीवर आलं होतं.

"बरं नाही का?" ती म्हणाली.

म्हटलं, "इतकं बरं कधी नव्हतं."

हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही असताना, तुमच्या समोर. ते जमलं नाही. म्हणून लिहितोय.

तुमच्या शोकसभेला मी होतो. हॉल भरला होता. मिरकरवाडा बंदरातले होड्यांचे तांडेल आले होते, बाजारातले व्यापारी होते, तुमच्या हातून जन्मलेली आणि आता स्वतःची पोरं कडेवर घेतलेली माणसं होती. एकजण म्हणाला, बाईंच्या हाताला गुण होता. मला वाटलं, तुम्ही समोर असतात तर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत विचारलं असतंत, "कशावरून?" हा तुमचा शब्द. काढा लागू पडतो, कशावरून? सुईने ताप लवकर उतरतो, कशावरून? आणि समोरच्याने उलटून तुम्हालाच विचारलं तर रागावायचा नाहीत. माहीत असेल तर सांगायचात, नसेल तर "मला ठाऊक नाही, वाचून उद्या सांगते" म्हणायचात. आणि दुसऱ्या दिवशी सांगायचात. रत्नागिरीत दुसरा डॉक्टर मी असा पाहिला नाही की ज्याने पेशंटला "मला ठाऊक नाही" म्हटलं.

मग कुणीतरी म्हणालं, कंट्रोलरना बोलू द्या, त्यांना माइकची सवय आहे. मी उठलो. सबंध नोकरी एस.टी. स्टँडच्या केबिनमध्ये माइकसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल, कुठली का उशिरा, हे भर गर्दीला न अडखळता सांगणारा माणूस मी. त्या दिवशी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "बाई फार चांगल्या होत्या." आणि बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटला. गळा दाटला नव्हता, बाई. दुसरंच काहीतरी तिथे अडकलं होतं.

आपली ओळख भांडणातून झाली, आठवतं? मला सर्दी-ताप होता आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. मी आत येऊन खुर्चीवर बसायच्या आधीच शर्टाची बाही वर केली.

"काय हे?" तुम्ही म्हणालात.

"सुई टोचा एक. उद्या ड्यूटी आहे."

"सर्दीला सुई नसते."

"दुसरे डॉक्टर देतात."

"देतात. तुम्ही बाही वर केलीत म्हणून देतात."

तपासलंत, छाती ऐकलीत, घसा बघितलात. तापाची साधी गोळी दिलीत, गरम पाणी प्या म्हणालात, धाप लागली किंवा ताप चार दिवसांत उतरला नाही तर परत या म्हणालात. मी बाहेर येऊन लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "एवढंच करायचं तर डॉक्टर कशाला व्हायचं?" तुम्ही आतूनच म्हणालात, "एवढंच करायला शिकण्यासाठी!" बाकावर बसलेली माणसं हसली. मीही हसलो, पण घरी गेल्यावर. आणि बरा झालो, सुईशिवाय.

बीपीच्या वेळी तर तुम्ही पहिल्या दिवशी गोळी दिलीच नाहीत. यंत्राने आकडा जास्त दाखवला, मी घाबरलो, आणि तुम्ही म्हणालात, "एका आकड्यावर मी कुणाला जन्मभराचं गिऱ्हाईक करत नाही." परत परत बोलावलंत. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकून, हात टेबलावर. मला पाच मिनिटं गप्प बसणं जमेना. मी तुम्हाला गुहागर गाडीचं काहीतरी सांगायला लागलो, तर तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत. "कंट्रोलर, माइक बंद."

आकडे वरच राहिले. तेव्हा तुम्ही खुर्ची जवळ ओढून समजावलंत. बीपी दुखत नाही, म्हणून माणूस त्याला मोजत नाही. गोळी घेतली की आकडा खाली येतो, तो गोळीमुळे आलेला असतो, बरा झाला म्हणून नव्हे. सुकी मासळी, पापड, लोणचं, खारातले आंबे यांवर हात आवरा. मी म्हटलं, "मग जेवू काय?" तुम्ही म्हणालात, "ताजा बांगडा कुणी नको म्हटलाय? मिठात मुरलेला नको." गोळी रोज, न चुकता, आणि बंद करायची तर मला विचारून.

मला विचारून. एवढंच वाक्य मी पाळलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

आमच्या वाडीत शिमग्याला देवीची पालखी नाचवतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुम्ही दर वर्षी सहाणेवर ओटी भरायला यायचात. मी एकदा विचारलं होतं, "बाई, तुम्ही मानता?" तुम्ही म्हणालात, "ओटी भरते आणि बीपी मोजते. दोन्हींची भेसळ करत नाही."

त्या वर्षी आमच्या घराकडे पुढच्या खांद्याचा मान होता. मी मुद्दाम तुमच्याकडे आलो. विचारलं, नाचवू ना पालखी? तुम्ही बीपी बघितलंत, दम बघितलात. म्हणालात, "आटोक्यात आहे. खुशाल नाचवा. गोळी चालू ठेवा, पाणी पीत राहा, धाप लागली की खांदा बदला." मी आनंदात घरी आलो.

पण वाडीत कुठून तरी फुटलं की कंट्रोलर गोळीवर आहे. पोरांना तेवढंच हवं असतं. "काका, गोळीची एक्सपायरी बघून या हां, मध्येच बंद पडाल." गावकर दाजी, म्हणजे आमच्या वाडीचा प्रमुख, माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, गोळीवर नाचणार की आईच्या नावावर?" चेष्टाच होती. पण शिमग्यात खांदा देणाऱ्याने पाळणूक पाळायची असते. चपला घालायच्या नाहीत, मासे-मटण नाही, परक्या घरचं जेवण नाही. त्या यादीत माझ्या मनाने गोळीही घातली. कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. आकडा तर चांगला आहे, तुम्हीच म्हणालात आटोक्यात आहे, मग आता गोळी कशाला? फागपंचमीपासून, म्हणजे शिमगा सुरू होतो त्या दिवसापासून, बंद केली. हिलाही सांगितलं नाही. रोज पाकिटातून एक गोळी काढून परसात टाकत होतो.

पालखी निघाली त्या दिवशी अंगात वीस वर्षांच्या पोराचा जोर होता. ढोल लागले, पुढच्या दांड्याला एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने माझा पुतण्या मंगेश. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून मंगेश आमच्याकडेच वाढलेला. त्या वर्षी तो पहिल्यांदा पालखीखाली आला होता. दोन फेऱ्या झाल्या आणि माझा डावा हात दांड्यावरून आपोआप सुटला. पाय कुठे गेला कळलं नाही. मी खाली. दांडा खचला, पालखी एका अंगावर झुकली, आणि मागच्यांनी धरली म्हणून, नाहीतर टेकली असती जमिनीला. ढोल थांबले. ती शांतता मला अजून ऐकू येते.

तुम्ही ओटी घेऊन रांगेत होतात. ताट कुणाच्या तरी हातात देऊन धावत आलात. कुणीतरी माझ्या तोंडाला पाणी लावत होतं, तुम्ही त्याचा हात ढकललात. "पाणी नको, ठसका लागेल. कंट्रोलर, हसा बघू. दोन्ही हात वर करा. कधी सुरू झालं हे? आत्ता? नक्की आत्ता?" तोंड एका बाजूला गेलं होतं, डावा हात वर होईना. तुम्ही देवाला नारळ द्यायलाही कुणाला थांबू दिलं नाहीत. जीपमध्ये घातलंत, स्वतः पुढे बसलात, सिव्हिलला नेलंत. मेंदूत गुठळी झाली होती. वेळेत पोचलो म्हणून आज चालतो, बोलतो, लिहितो. हे तुमचं देणं मी कधी मोजलंच नाही, कारण त्याच्या शेजारी दुसरं एक उभं होतं.

वॉर्डात पडदा ओढून तुम्ही कानाशी आलात आणि विचारलंत, "गोळी चालू होती?" मी मान हलवली. नाही. "किती दिवस?" जिभेने साथ दिली नाही, पण "पंचमी" एवढं तुम्हाला समजलं. तुम्ही तिथल्या डॉक्टरांना सांगितलंत, त्यांना ते कळणं जरुरीचं होतं. रागावला नाहीत. माझ्या पायावर चादर ओढलीत आणि गेलात.

मग दाजी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पालखी झुकली होती, आणि वाडीत आता एकच विचार, कुणाची पाळणूक चुकली? कुणाचं पाप? आईला काय सांगायचं? तो वाकून म्हणाला, "गोळीनंच झालं ना रे? गुंगी आली ना गोळीची?"

मी मान हलवली. हो.

एवढंच, बाई. माझं सगळं खोटं एका मानेएवढं. पण दाजीने सुटकेचा श्वास टाकला तो मी पाहिला. देवीचा कोप नाही, कुणाची चूक नाही, कंट्रोलरचीही नाही. डॉक्टरीणबाईंची गोळी. सगळी वाडी एका क्षणात मोकळी झाली. फक्त तुम्ही अडकलात.

माझी वाचा महिन्या-दोन महिन्यांत परत आली. तेव्हा सांगता आलं असतं. लोक घरी बघायला यायचे आणि म्हणायचे, "काय दिलान तिने काय माहीत, चांगला माणूस आडवा केलान." मी म्हणायचो, "जाऊ दे." जाऊ दे म्हणणं किती सोपं असतं. तुमच्या दवाखान्यातून आमच्या वाडीची माणसं कमी झाली. शहरात सुई देणारे होतेच. बायका तुम्हाला "गोळीवाली" म्हणू लागल्या. दाजीने तर बाजारात तुम्हाला तोंडावर विचारलं, "बाई, कंट्रोलरला काय दिलंत हो?" तिथे मी होतो, भाजीवालीच्या पलीकडे. तुम्ही म्हणालात, "पेशंटचं मी बाहेर सांगत नाही. त्यांना विचारा." आणि माझ्याकडे न बघता गेलात. तुम्ही मला पाहिलं होतंत, मला माहीत आहे.

पुढे मी काठी टेकत तुमच्याकडे आलो तेव्हा वाटलं होतं, ऐकवाल. तुम्ही बीपी मोजलंत. मग एवढंच म्हणालात, "गोळी बंद केल्यामुळेच झटका आला असं मी शपथेवर सांगणार नाही. धोका वाढला, एवढं सांगेन. पण गोळीमुळे आला नाही हे मात्र नक्की, कारण ती तुमच्या पोटात नव्हतीच."

मी म्हटलं, "सांगेन बाई. जरा वातावरण निवळू दे."

वातावरण निवळलं आणि त्यातून एक नवीनच गोष्ट उगवली. पुढच्या शिमग्याला पोरं म्हणाली, पालखीला खांदा द्यायचा तर गोळ्या बंद, कंट्रोलरकाकांचं बघितलं ना? त्याच्या पुढच्या वर्षी खांदा न देणाऱ्यांनीही बंद केल्या. मग त्याला पाळणुकीचं नावच मिळालं. पंचमी ते पालखी परत जाईपर्यंत, बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, सगळ्या बंद. मुंबईहून चाकरमानी येतात तेही बॅगेत गोळ्या ठेवून बंद करतात. आता कुणाला विचारलं तर सांगतील, पूर्वीपासून आहे. पूर्वीपासून म्हणजे माझ्या मानेपासून.

तुम्ही दर शिमग्याआधी एकेकाला बोलावून समजवायचात. काही ऐकायचे, बरेचसे हो म्हणून घरी बंद करायचे. एकदा तुम्ही मला म्हणालात, "मी सांगून उपयोग नाही. मी माझी बाजू घेतेय असं वाटतं त्यांना. तुमचं एका मिनिटाचं काम आहे." मी म्हटलं, पुढच्या वर्षी. तुम्ही परत कधी विचारलं नाहीत. विचारत राहिला असतात तर मी चिडलो असतो आणि चिडून तरी सुटलो असतो.

आणि तुमचं वागणं बघा. माझ्या थोरल्या मेव्हण्याला तुम्ही कित्येक वर्षं रोज अ‍ॅस्पिरिन देत होतात. एक दिवस बंद केलीत. म्हणालात, "पूर्वी आम्ही सरसकट द्यायचो, आता नवी माहिती आलीय. ज्याला अजून काही झालेलं नाही, अशा उतारवयातल्या माणसाला फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका जास्त. मी देत होते ते तेव्हाच्या माहितीवर. आता देणं चूक होईल." मी भांडलो, मग माझी का चालू? तुम्ही म्हणालात, तुम्हाला झटका येऊन गेलाय, तुमचं गणित वेगळं. मी म्हटलं, डॉक्टरांनी असं बदललं तर लोकांचा विश्वास उडतो. तुम्ही म्हणालात, "चूक कळूनही तशीच चालू ठेवली तर उडायला हवा." तो वाद आपण संपवला नाही. मला वाटतं तुम्ही तो मुद्दाम तिथेच सोडलात. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही बदल स्वतःहून सांगत होतात, आणि तुमच्यासमोर बसलेला मी एका मिनिटाचं काम वर्षानुवर्षं ढकलत होतो.

मग दोन शिमग्यांपूर्वी शांतारामला झटका आला. आमच्या शेजारचा, हसरा माणूस, ढोल वाजवायचा. पाळणुकीत गोळ्या बंद केल्या होत्या. त्याचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, आजही पडून आहे. मी तुमच्याकडे धावत आलो आणि म्हटलं, "माझ्यामुळे झालं ना हे?"

तुम्ही आधी मला खुर्चीवर बसवलंत. मग म्हणालात, "तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करता येत नाही. तुमच्यामुळे नाही झालं असंही म्हणणार नाही. तेही करता येत नाही."

बाई, खोटा दिलासा देणं तुम्हाला किती सोपं होतं. तुम्ही दिला नाहीत. रडू आलं तेव्हा पाण्याचा ग्लास दिलात आणि बाहेरच्या पेशंटना थोडं थांबायला सांगितलंत. त्या दिवशीचं आभार मानणं राहिलंय. आज मानतो.

तरीही मी बोललो नाही. खरं कारण सांगू? तुम्ही होतात म्हणून. तुम्ही आहात, तुम्ही समजावताय, तुम्ही दमलात तरी थांबणार नाही, असं धरून मी चाललो होतो. मग तुम्ही गेलात.

आणि तुमच्या शोकसभेनंतर मंगेशचा फोन आला. तो आता लोट्याला केमिकल कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. कंपनीच्या तपासणीत बीपी निघालं, तुम्हीच गोळी बसवून दिली होतीत. म्हणाला, "काका, यंदा आपल्या घराचा मान आहे ना? रजा टाकलीय. पंचमीपासून गोळी बंद करतोय."

मी म्हटलं, "नको करू रे. घेत जा."

"तुम्हीच असं म्हणता? तुम्ही नाही का पडलात गोळीनं?"

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आता समजवायला कुणी उरलेलं नाही. मी आहे फक्त. पुढच्या दांड्याला मंगेश असणार, माझ्याच जागी, माझ्याच खोट्यावर उभा.

आधी शांतारामच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, त्याच्या बायकोला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"आता सांगताय भावोजी?" म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं होतं, गोळ्या घ्या. तर म्हणाले, कंट्रोलरचं बघितलंस ना?"

मी दारातच खाली बसलो.

"मला नका सांगू. त्यांना सांगा, त्यांना ऐकू येतं सगळं. आणि मग सहाणेवर जाऊन सांगा. माझ्या चुलीसमोर सांगून कुणाचं भलं होणार?"

शांतारामला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग चांगल्या हाताने मला जवळ ओढलं आणि पाठीवर एक जोराचा धपाटा घातला. दोस्तीचा की रागाचा, मला कळलं नाही. दोन्हींचा असेल. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला, आणि मी तो प्यायलो.

दोन दिवसांनी पालखीचं ठरवायला सहाणेवर बैठक होती. मान, वर्गणी, फेऱ्या सगळं ठरलं. दाजी उठायला लागला तेव्हा मी म्हटलं, "थांबा. मला बोलायचंय."

"बोल की, कंट्रोलर. फलाट कुठला?" दाजी म्हणाला. लोक हसले.

मी म्हटलं, "मी पडलो तेव्हा गोळी बंद होती. पंचमीपासून. बाईंनी घे म्हणून सांगितलं होतं, मी घेतली नाही. तुम्ही चेष्टा कराल म्हणून. गोळीनं मी पडलो नाही. बाईंनी मला वाचवलं, आणि तुम्ही त्यांना काय काय बोललात तेव्हा मी गप्प बसलो. गोळी बंद ठेवणं ही पाळणूक नाही. ती माझी थाप आहे."

मग दाजी ओरडला. काय काय बोलला ते लिहीत नाही, सगळं रास्त होतं. "मेल्या, बाजारात मी त्या बाईंना सगळ्यांसमोर विचारलं होतं! तू तिथंच भाजी घेत होतास!" म्हणत तो मधूनच खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "त्या एक शब्द बोलल्या नाहीत रे."

"त्या बोलायच्या नव्हत्याच," मी म्हटलं. "ते माझं काम होतं."

मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हणजे मी आता चालू ठेवू की बंद करू? मला कुणीतरी नीट सांगा." आणि कुणालातरी हसू फुटलं. मग एकजण म्हणाला माझीही बीपीची आहे, दुसरा म्हणाला माझी साखरेची, तिसऱ्याने सांगितलं की तो पाळणूक मोडून गपचूप घेतच होता. दाजीची तर दोन्ही होती. अर्धी सहाण गोळीवर निघाली, बाई. एकमेकांपासून लपवत होते सगळे.

मंगेश पहिली शिफ्ट करून परस्पर खेडहून गाडी धरून आला होता. मागे उभा होता. घरी जाताना तो माझ्या पुढेपुढे चालत होता. मला वाटलं, आता हाही ऐकवणार.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही पडलात ना, तेव्हा माझा पाय तुमच्या पायात आला होता."

"नाही रे."

"मला वाटायचं आला होता. सगळे गोळी गोळी म्हणत होते, मी मनात म्हणायचो, माझा पाय. कुणाला सांगितलं नाही. म्हणून कधी परत पुढचा दांडा धरला नाही. यंदा हिंमत करून हो म्हटलं."

रस्त्यातच थांबून मी त्याला धरलं. एवढी वर्षं एकाच घरात दोघं एकाच दिवसाचं ओझं वागवत होतो, आणि एकमेकांकडून मीठ मागत जेवत होतो. म्हटलं, "तुझा पाय नव्हता. माझा हात आधी सुटला. मला आठवतं." तो लहान मुलासारखा हसला. मग घरी येऊन त्याने गोळी घेतली, माझ्यासमोर, आणि वर म्हणाला, "झालं समाधान?"

काल पालखी निघाली. निघण्याआधी दाजी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. दर वर्षीचं तेच असतं, तुम्ही ऐकलंय, मुलाबाळांना सुखी ठेव, गुराढोरांना राख, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ. मध्येच तो थांबला. आम्हाला वाटलं विसरला. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "आणि आई, तुझ्या लेकरांनी अज्ञानानं एक चुकीची पाळणूक धरली होती, ती आज तुझ्या पायाशी सोडली. ज्याला गोळी आहे त्यानं गोळी घेऊन तुला खांदा द्यावा. त्याच्या जिवाला राख. आणि ज्या बाईला आम्ही तिच्या पाठीमागं वाईट बोललो, तिच्या आत्म्याला शांती दे. होय महाराजा?"

सगळी वाडी एका आवाजात म्हणाली, "होय महाराजा!"

मीही म्हणालो. माझ्या जिभेला अजून थोडा वेळ लागतो, त्यामुळे सगळे थांबले आणि मग माझा एकट्याचा आवाज मागून आला. दोन-चार पोरांनी वळून पाहिलं. उशिरा आला, बाई. पण सगळ्यांना ऐकू गेला.